दिव्यांग मुलाचे पालक आणि तज्ज्ञ यांनी एकत्र काम कसं करायचं

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे तिचा हालचालींवर ताबा कमी आहे. ती दीड वर्षाची असताना एका ठिकाणी आम्हाला व्यायामांचा कागद मिळाला. चौदा व्यायाम, प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत तो कागद मी फ्रिजवर चिकटवला. नवरा अंबडच्या कंपनीत, फर्स्ट शिफ्ट असली की सहालाच बाहेर. नळाला पाणी सकाळी तेवढंच. सासूबाईंचे गुडघे धरलेले. चौदातले तीन-चार व्यायाम कसेबसे व्हायचे, तेही ती रडत असताना. दर सोमवारी तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी "घरी करता ना?" असं विचारलं की मी मान डोलवायचे. खोटं बोलत होते मी, कारण आणखी बोलणी ऐकायची ताकद उरली नव्हती. माझ्या त्या "हो"वर विसंबून मॅडम व्यायाम वाढवत गेल्या, आणि मुलगी पुढे का सरकत नाही हे त्यांना कळेना.

सहा-सात महिन्यांनी आम्ही दुसऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी कागद दिलाच नाही. वही उघडली आणि म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत घरात काय काय होतं, ते क्रमाने सांगा." मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मग त्यातल्या तीन जागांवर त्यांनी खूण केली: तिला कडेवर घेणं, अंघोळीनंतर कपडे घालणं आणि भरवणं. कडेवर घेताना तिचे पाय एकत्र आवळू द्यायचे नाहीत, एक पाय पोटाकडून आणि एक पाठीकडून, असे फाकवून घ्यायचे. झबलं घालताना जास्त कडक असलेला हात आधी घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. भरवताना तिची मान मागे पडू द्यायची नाही. एवढंच. वेगळा वेळ काढायचा नव्हता, ही कामं मी दिवसातून दहा वेळा करतच होते.

त्या दिवसापासून मी खोटं बोलले नाही. पुढे जे लिहिते आहे ते गेल्या दहा वर्षांत आम्ही आणि आमच्यासारखे पालक जे शिकलो त्यातलं आहे. नाशिकच्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या पालकांसाठी, आणि आमच्याबरोबर काम करणाऱ्या तज्ज्ञांसाठीही.

आधी नातं कसलं आहे ते ओळखा

ब्रिटनमधल्या कनिंगहॅम आणि डेव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये पालक आणि तज्ज्ञ यांच्या नात्याचे तीन नमुने मांडले. पहिल्यात तज्ज्ञ ठरवतो, पालक ऐकतात. दुसऱ्यात तज्ज्ञ आपलं कौशल्य पालकांना शिकवतो आणि ते त्यांनी घरी करायचं. जणू कलम बांधायचं. तिसऱ्यात तज्ज्ञ आपल्याजवळचे पर्याय मांडतो, पालक घराची आणि मुलाची माहिती मांडतात, आणि बोलून ठरतं. फ्रिजवरचा माझा कागद दुसऱ्या नमुन्यातला होता. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार बाबा आमच्या पालकगटात आहेत. त्यांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "खुंटात रस चालू असेल तरच कलम धरतं." खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळाचं झाड. घरचा दिवस म्हणजे तो खुंट. तो न पाहता बांधलेलं कलम वाळणारच.

प्रत्येक भेटीत तिसराच नमुना हवा असं मात्र नाही. मुलाला फिट आली असेल तेव्हा डॉक्टरांनी ठरवावं आणि आपण ऐकावं.

पायरी पहिली: भेटीआधी एक फाइल आणि एक पान

फाइलमध्ये तारखेनुसार लावा: जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (वजन किती, रडायला उशीर झाला का, किती दिवस पेटीत होता हे सगळे विचारतात), एमआरआय, ईईजी, कानांच्या बेरा तपासणीचे (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणाऱ्या) रिपोर्ट, चालू औषधं आणि त्यांचं प्रमाण, आधीच्या थेरपीचे कागद, असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र. मूळ कागद घरी ठेवा, फाइलमध्ये झेरॉक्स.

एक पान मात्र स्वतःच्या हाताने लिहा. त्यात आजाराचं नाव एका ओळीत, बाकी सगळं मुलाबद्दल. त्याला काय आवडतं, कशाने घाबरतो, "हो" आणि "नाही" कसं सांगतो, दुखलं तर कसं कळतं, कोणत्या वेळी ताजातवाना असतो. माझ्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: "मिक्सरच्या आवाजाने दचकते. हो म्हणायचं असेल तर डोळे वर नेते. दुपारी दोन ते चार काहीही करून घेऊ नका." डोळ्यांची ती खूण वाचल्यावर एका स्पीच थेरपिस्टनी तासाभरात तिच्याशी गप्पा सुरू केल्या. त्याआधीच्या दोन तपासण्यांत "सूचना समजत नाहीत" असा शेरा होता.

पायरी दुसरी: कोण काय करतं आणि कोणाची नोंदणी कुठे असते

फिजिओथेरपिस्ट स्नायू, सांधे, बसणं-चालणं पाहतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताची कामं, जेवणं, कपडे, स्पर्श-आवाज सहन होणं यांवर काम करतात. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळणंही पाहतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि वर्तन, विशेष शिक्षक शिकणं.

विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्यासाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची नोंदणी महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. चांगले तज्ज्ञ तो भिंतीवरच लावतात. आणि "सहा महिन्यांत पूर्ण बरा करून देतो" अशी हमी कोणी देत असेल तर फाइल उचलून घरी या. आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी अशा हमीपायी जमीन गहाण टाकली.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मदत घ्या. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. बाळ चार महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, हाकेला वळत नाही, असं काही असेल तर पथकाची वाट पाहू नका. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांगा आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मागा.

तीन-चार तज्ज्ञ असतील तर त्यांच्यातल्या एकाला विचारा, "सगळ्यांचं मिळून तुम्ही बघाल का?" आमच्याकडे ते काम ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताई करतात. नाहीतर एक म्हणतो बूट घाला, दुसरा म्हणतो अनवाणी चालवा, आणि मधल्या मध्ये आई वेडी होते.

पायरी तिसरी: पहिल्या भेटीत खरं सांगा, आणि नेमकं सांगा

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण आपली सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

"तो हाताने जेवतो का?" असा प्रश्न आला की आपण "हो, जेवतो" म्हणतो. खरं काय असतं? आई घास करून देते, तो तोंडात घालतो. किंवा आईने मनगट धरलेलं असतं. किंवा फक्त पोहे खातो, वरणभात नाही. म्हणून उत्तर देताना तीन शब्द वापरा: स्वतः करतो, सांगितल्यावर करतो, हात धरून करतो. या तीन शब्दांनी तज्ज्ञांना जेवढं कळतं तेवढं अर्ध्या तासाच्या वर्णनाने कळत नाही.

याचं महत्त्व पुढे अधिक जाणवतं. मूल रोजची कामं वयाप्रमाणे किती स्वतः करतं हे मोजणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनात बहुतेक माहिती पालकांना विचारूनच घेतात. ऑटिझमसाठीच्या 'ईसा' या भारतीय मापनात चाळीस मुद्दे आहेत, तेही निरीक्षण आणि पालकांशी बोलणं यांवर भरतात. आपलं उत्तर हीच तिथली मोजपट्टी. लाजेपोटी फुगवून सांगितलं तर मुलाला हवी ती मदत मिळत नाही. प्रमाणपत्राच्या आशेने कमी सांगितलं तर शाळेत त्याच्याकडून कोणी अपेक्षाच ठेवत नाही.

घरची बोलीही सांगा. कळवण, बागलाण, मालेगावकडच्या घरांत अहिराणी बोलतात, सुरगाणा-पेठकडे कोकणी. घरात "आठे ये" ऐकून धावत येणारं मूल "इकडे ये" म्हटल्यावर जागचं हलत नाही, आणि कागदावर "सूचना पाळत नाही" लागतं. तपासणीआधीच म्हणा, "आमच्या बोलीत मी विचारून दाखवू का?" आजवर कोणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

पैसे आणि वेळ यांचंही पहिल्याच दिवशी बोला. आठवड्यातून किती वेळा यायला जमेल, किती परवडेल. द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत बागेतून कोणाला हलता येत नाही. पेठ-सुरगाण्याची पुष्कळ माणसं तेव्हा दिंडोरी-निफाडला कामाला असतात. हे आधी सांगितलं तर तज्ज्ञ त्या दीड-दोन महिन्यांसाठी घरचंच काम आखून देऊ शकतात. न सांगता भेटी चुकल्या तर "पालक गंभीर नाहीत" असा समज होतो, आणि तो पुसायला वर्ष जातं.

पायरी चौथी: उद्दिष्ट एक, फार तर दोन, तेही लिहून

"चालायला लागावी" हे उद्दिष्ट नव्हे, ती आपली इच्छा. उद्दिष्ट असं लिहा की शेजारची बाईसुद्धा पाहून सांगू शकेल, झालं की नाही. आमचं पहिलं उद्दिष्ट होतं: "कोपरा खुर्चीत पाठीला आधार घेऊन पंधरा मिनिटं बसेल आणि त्या वेळात घरातल्यांबरोबर जेवेल. दिवाळीपर्यंत." खुर्ची गल्लीतल्या सुतारकाकांनी प्लायवूडची केली. मापं ताईंनी दिली: गुडघ्यापासून पाठीपर्यंत, टाचेपासून गुडघ्यापर्यंत, दोन पायांमध्ये एक खुंटी. त्या खुर्चीत ती पहिल्यांदा आमच्या पंगतीला बसली तेव्हा सासूबाईंनी तिच्यासाठी वेगळं ताट मांडलं. त्याआधी तिला आधी भरवून झोपवायचं आणि मग आम्ही जेवायचं, असं चालायचं.

उद्दिष्ट ठरवताना तज्ज्ञांना हे चार प्रश्न विचाराच: हे आत्ताच का? घरात कोणत्या वेळी करायचं? होत नसेल तर कसं ओळखायचं? पुन्हा कधी बघायचं? शेवटचा प्रश्न राहून जातो आणि तेच उद्दिष्ट दोन-दोन वर्षं फाइलीत पडून राहतं.

पायरी पाचवी: करून दाखवा म्हणा, मग आपण करून दाखवा

तोंडी सूचना घरी पोहोचेपर्यंत निम्मी विसरते. ताईंनी आधी करावं, मग त्यांच्यासमोर आपण करावं, आणि त्यांनी आपला हात दुरुस्त करावा. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या, अर्थात विचारून. घरी भरवणारी आजी असेल तर एकदा आजीलाच घेऊन जा. माझ्या सासूबाई कोणाचं ऐकत नसत. ताईंनी त्यांना एकच करायला सांगितलं, स्वतःची मान मागे टाकून पाण्याचा घोट घेऊन बघा. ठसका लागला. त्यानंतर त्यांनी नातीची मान कधी मागे पडू दिली नाही.

पायरी सहावी: वही

दोनशे पानी साधी वही, जी घर, थेरपी आणि शाळा अशी फिरते. रोज दोन ओळींपेक्षा जास्त नको. काय जमलं, काय नाही, काही वेगळं घडलं का. दिंडोरीचे ते बाबा बागेच्या फवारणीची नोंद ठेवतात, तारीख, औषध, प्रमाण, हवामान. मुलाच्या वहीतही त्यांनी तेच रकाने आखले. चार महिन्यांनी त्या नोंदींवरून न्यूरोलॉजिस्टच्या लक्षात आलं की फिट येण्याआधीच्या रात्री बहुतेक वेळा झोप मोडलेली असते. घरातल्या कोणाच्या ध्यानातही हे आलं नव्हतं.

तज्ज्ञांना एक विनंती: वहीत लिहिलेलं वाचलं आहे हे पालकांना कळू द्या. खाली एक सही केलीत तरी पुरे.

पायरी सातवी: शाळा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या, हेही त्याच कायद्यात आहे. फार गंभीर दिव्यांगत्व असेल तर घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात आहे. पण तो पालकांनी निवडायचा, शाळेने सुचवून गळ्यात मारायचा नाही.

जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटीची वेळ मागा. वर्गशिक्षक, समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक आणि आपण, असे तिघे एका वेळी बसलेच पाहिजेत. त्या बैठकीत मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना लिहा. वर्गशिक्षकांकडे चाळीस-पन्नास मुलं असतात, हे विसरून मागण्यांची यादी वाचू नका. आम्ही पहिल्या वर्षी तीनच गोष्टी मागितल्या: बाक दाराजवळ, पाय टेकायला पाट, आणि उत्तर द्यायला थोडा जास्त वेळ. पाट आम्हीच नेऊन दिला. नोव्हेंबरात बाई आपणहून म्हणाल्या, "हिला फळ्यावरचं लिहून घ्यायला त्रास होतो, मी शेजारणीच्या वहीची झेरॉक्स देते." मागितलेल्या तिन्हींपेक्षा ही सोय मोठी होती.

दहावीला राज्य मंडळ लेखनिक, जादा वेळ अशा सवलती देतं. त्यांची कागदपत्रं शाळेमार्फत जातात, म्हणून नववीतच विषय काढा.

प्रमाणपत्राचा दिवस

यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रासाठी, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, दिलेल्या तारखेला सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं असतं. लेकीच्या तपासणीला त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात आम्ही डबा, पाण्याची बाटली, चादर आणि तिचं आवडतं खेळणं घेऊन गेलो. थकलेलं मूल तपासणीत काही करून दाखवत नाही. आपल्या थेरपिस्टकडून एक पानी अहवाल आधी घ्या, ज्यात मूल काय स्वतः करतं आणि कशाला मदत लागते हे नेमकं असेल. लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची पुन्हा तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मतभेद झाले तर

होतातच. तेव्हा "तुम्हाला काही कळत नाही" आणि "तुम्ही ऐकतच नाही" ही दोन वाक्यं दोन्ही बाजूंनी गिळावीत. पालकांनी असं म्हणून बघावं: "तुम्ही सांगता ते मला पटत नाही असं नाही, पण घरी ते होत नाही. का होत नाही ते सांगू का?" थेरपी बंद करायची असेल तर न सांगता गायब होऊ नका, कारण सांगा. दुसरं मत घ्यायचं असेल तर पहिल्यांना सांगून घ्या आणि त्यांच्याकडचे कागद मागा.

मुलाचा हक्कच नाकारला जात असेल, प्रवेश, सोय, परीक्षेची सवलत, तर मात्र तोंडी वाद घालू नका. अर्ज लिहा, पोहोच घ्या. आधी मुख्याध्यापक, मग शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग किंवा तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, आणि शेवटी पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही डिसेंबर २०२२ पासून आहे.

तज्ज्ञांना सांगायचं ते

निदान सांगताना आई-वडील दोघं असू द्या, खोलीचं दार लावा, मूल मांडीवर असेल तर आधी त्याच्या नावाने हाक मारा. पहिल्या पाच मिनिटांनंतर आम्हाला काही ऐकू येत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा बोलवा. "घरी करता ना?" असं विचारू नका, "या आठवड्यात काय जमलं नाही?" असं विचारा. या प्रश्नाचं खरं उत्तर देता येतं. सुरगाण्याहून एसटीने आलेल्या आईची एक भेट म्हणजे एका दिवसाची मजुरी असते. तिच्या तिन्ही तपासण्या एकाच दिवशी बसवा. आणि वडिलांशी बोला. ते दाराबाहेर उभे असतात, कारण आत त्यांना कोणी काही विचारत नाही.

नाशिकला ही वाट नवी नाही. रजनी लिमये यांनी इथे १९७७ मध्ये बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली. त्या शिक्षिका होत्या आणि अशाच एका मुलाच्या आईही.

मूल मोठं होतं तेव्हा

दहा-अकरा वर्षांनंतर बैठकीत मुलाची खुर्ची हवीच. बोलत नसेल तर चित्रं, खुणा, फोन, जे असेल त्याने त्याचं मत घ्या. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठराव्या वर्षांनंतर गरज असल्यास कायदेशीर पालकत्व घेता येतं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. न्यासाची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही याच चार गटांसाठी आहे, आणि तिला अठरा वर्षं थांबावं लागत नाही.

माझी लेक आता बारा वर्षांची आहे, वॉकर घेऊन चालते. जूनच्या बैठकीत ताईंनी तिलाच विचारलं, तुला काय करायचंय. तिने वेळ घेतला, आम्ही कोणी मधे बोललो नाही. सध्याच्या वहीत पहिल्या पानावर तिचं उद्दिष्ट आहे: कोपऱ्यावरच्या दुकानातून वॉकरला पिशवी अडकवून दूध आणायचं, आईने गेटपाशीच थांबायचं. आढावा दिवाळीनंतर.